मोहाखालची तार

मोहफुलं गळायला लागली की साजटोल्यातल्या बायांना अंथरूण गोड लागत नाही. कोंबडं आरवायच्या आत टोपल्या घराबाहेर पडतात आणि उजाडेपर्यंत अर्धं गाव जंगलात असतं. नाकाडोंगरी गावाहून आत, डोंगराला पाठ लावून बसलेली ही गोंडांची वस्ती. घरं थोडी, आणि परसातल्या कुंपणापासूनच जंगल सुरू.

त्या जंगलावर गावाचा सामूहिक हक्क होता. तुमसर-भंडाऱ्याच्या हेलपाट्यांत एक पिढी म्हातारी झाली, तेव्हा कुठं सरकारनं मान्य केलं की इथला मोह, तेंदू, चारोळी आणि बांबू याच लोकांचा. हक्क आला तशी राखणही अंगावर आली. साजाच्या ज्या झाडात त्यांचा देव राहतो, त्याच झाडाखाली ग्रामसभा बसली आणि तिनं ठरवलं: मोहाखाली आग लावायची नाही, हिरवी फांदी तोडायची नाही, जनावरासाठी फास नाही की तार नाही. पाळीपाळीनं दोघांनी गस्त घालायची. सकाळची पाळी बायांची, दुपारनंतरची गड्यांची.

शकुनबाई इनवातेची पाळी आली की आदल्या दिवसापासून ती भेटेल त्याला जनावर कुठं दिसलं का विचारत सुटायची. ती भित्री म्हणूनच गावात ओळखली जायची. नवरा चिखल्याच्या खाणीत पाळीवर जायचा तर तो घरी येईस्तोवर ही दारातून हलायची नाही. त्यात मागच्या मोसमात तिच्या डोळ्यांदेखत अस्वलानं ललिताबाईचा खांदा फाडला होता. ललिताबाई किंचाळली, तशा साऱ्या बाया काठ्या घेऊन चहूबाजूंनी धावत आल्या आणि त्या गलक्यानं अस्वल पळालं. तेव्हापासून रीतच पडली होती. जंगलात कुणी ओरडलं की हातातलं टाकून तिकडं धावायचं. विचारायचं नाही, थांबायचं नाही.

त्या दिवशी पाळी शकुनबाई आणि ललिताबाईचीच होती. बाकीच्या बाया फुलं वेचायला पांगल्या. शकुनबाईची सासू केशरबाई आपल्या ठरलेल्या झाडाखाली बसून वेचत होती, आणि मुलगी साधना आजीच्या आसपास होती. साधना तुमसरच्या कॉलेजात शिकायची, पण मोहाच्या दिवसांत घरी आल्याशिवाय तिला करमायचं नाही.

तांबडं फुटलं होतं. झाडांखालची फुलं पिवळी पिवळी दिसायला लागली होती आणि त्यांचा आंबूस गोड वास सगळीकडं पसरला होता. तेवढ्यात शेतांच्या बाजूनं घरघर ऐकू आली.

"पाय व, लाइन आली," ललिताबाई म्हणाली. "रातभर नव्हती. आता मोटरी आपल्याआपच सुरू झाल्या."

"येऊ दे. घरी जाऊन पंखा तरी लागंल," शकुनबाई म्हणाली. बोलायचं म्हणून बोलली. तिची नजर झुडपांवर होती.

ललिताबाई नाल्याच्या अंगानं गेली. शकुनबाईनं शेतांच्या अंगाची वाट धरली. काठी आपटत, मधूनच खाकरत ती चालली होती, म्हणजे अस्वल असलंच तर आधी त्याला कळावं. एक जुना वाकडा मोह ओलांडला आणि ती जागीच थांबली.

समोर, पळसाच्या झुडपाला लागून, अस्वल पडलेलं होतं.

पाठ तिच्याकडं होती. काळे राठ केस. तिला वाटलं, मोहफुलं खाऊन झोपलं असेल. मागं सरावं, तर पाचोळा वाजेल. ओरडावं, तर जागं होईल. न ओरडावं, तर पुढच्या दोन उड्यांत ते अंगावर येईल. ती तशीच उभी राहिली, काठी छातीशी धरून, आणि अस्वलाच्या पाठीकडं बघत राहिली. पाठ वर येत नव्हती, खाली जात नव्हती.

मग वास आला. जळालेल्या केसांचा.

अस्वल मेलेलं होतं. शकुनबाईच्या अंगातली भीती एकदम ढिली झाली, आणि पुढच्याच क्षणी तिला गवतात खुंटी दिसली. वीतभर उंचीची, वरच्या टोकाला हिरव्या पाइपाचा तुकडा खोचलेली. त्या तुकड्यातून बारीक तार निघाली होती, अस्वलाच्या पंजाखालून गेली होती आणि पलीकडं वाळलेल्या पानांत दिसेनाशी झाली होती. अस्वलाजवळ बारीक तडतड चालू होती, तेलात ओला हात गेल्यासारखी.

तिला सारं एकदमच समजलं. ही डुकरांसाठी टाकलेली तार. रात्री वीज नव्हती म्हणून त्या साऱ्या जणी अंधारात हिच्यावरूनच चालत आल्या, कुणाच्या पायात आली असेल, कुणी झटकून पुढं गेली असेल. आता वीज आली होती. बाया तारेच्या अल्याडही होत्या आणि पल्याडही होत्या, आणि तार कुठून कुठं गेली आहे हे त्यांतल्या एकीलाही ठाऊक नव्हतं.

तिनं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

ओरडलं तर साऱ्या धावत येतील. तीच रीत होती. साधना सगळ्यांच्या पुढं असेल, पोरीचे पाय हरणासारखे. 'येऊ नका' म्हणून कितीही कंठशोष केला तरी शब्द कुणाला ऐकू जाणार? आवाज तेवढा ऐकू जाणार, आणि आवाजाच्या रोखानं त्या पानं तुडवत येणार.

समोर झाडांमधून तिला साधनाची लाल ओढणी दिसली. पोरगी वाकून वेचत होती, वेचत वेचत पुढं सरकत होती. तिच्या आणि अस्वलाच्या मध्ये फार झाडं नव्हती. मध्ये ती वाळलेली पानं होती.

शकुनबाईच्या डोळ्यांपुढं काहीबाही यायला लागलं: लाल ओढणी, जळालेले केस. देवा, काय करू. साजाच्या देवा, काय करू.

आणि देवाचं नाव घेतलं म्हणून की काय, तिला फुलाचं गाणं आठवलं.

ते गाणं केशरबाईचं. हंगामात पहिली फुलं वेचायच्या आधी म्हातारी ते गोंडीत म्हणायची. त्यात धरणीला हाक होती, मोहाला होती, गेलेल्या माणसांनाही होती. गाणं सुरू झालं की जी जिथं असेल तिथं खाली बसायची, टोपली मांडीवर घ्यायची आणि गाणं संपेपर्यंत उठायची नाही. लहान पोरींनाही हे सांगावं लागायचं नाही. शकुनबाईच्या पिढीला गोंडी अर्धीमुर्धीच यायची. ग्रामसभेनं म्हातारीला गळ घातली होती की हे तुझ्यासोबत जाऊ नये, सुनांना शिकव, पोरींना शिकव. केशरबाईनं शिकवलंही. शकुनबाईच्या जिभेवर मात्र ते कधी नीट बसलं नव्हतं.

तिनं सुरुवातीची ओळ धरली. आवाज निघालाच नाही, नुसता वारा निघाला. तिनं थुंकी गिळली आणि पुन्हा धरली. आता आवाज आला, चिरका, थरथरता, पण आला. तिनं तो उंच नेला, जेवढा जाईल तेवढा.

लाल ओढणी थबकली. साधनानं मान वर केली, इकडंतिकडं बघितलं. आज हे गाणं कसं, पहिली वेचणी तर केव्हाच झाली, असं तिच्या चेहऱ्यावर असणार. शकुनबाई गात राहिली. 'बैस ना व पोरी, बैस,' ती मनात म्हणत होती आणि तोंडानं गोंडी शब्द म्हणत होती. साधना जरा वेळ उभी राहिली. मग टोपली घेऊन खाली बसली.

उजवीकडं पानांचा आवाज येत होता, तो थांबला. नाल्याच्या अंगाची काठी वाजायची थांबली. एकेक करून जंगल गप्प झालं.

पहिलं कडवं संपलं आणि शकुनबाईला पुढचं आठवेना.

तिनं पहिलंच पुन्हा म्हटलं. पुन्हा तिथंच येऊन अडकली. गाणं तुटलं तर बाया उठतील, काय झालं म्हणून बघायला येतील. तिनं डोळे मिटून घेतले, शब्द शोधायला लागली, आणि दूर झाडाआडून दुसरा आवाज आला. जुना, जाडसर, न घाबरलेला. केशरबाईनं दुसरं कडवं उचललं होतं. हे गाणं अर्धं टाकायचं नसतं, सुरू केलंत तर धरणी ऐकत बसलेली असते, असं म्हातारी नेहमी सांगायची. तिच्यामागून आणखी एकदोघींनी सूर धरला.

गाणं आता चालणार होतं. लांब होतं ते.

शकुनबाईनं तारेकडं बघितलं. ती शेताच्या बाजूला जात होती. कुठंतरी ती खांबाला लागलेली असणार, आणि तिथून ती निघाल्याशिवाय या जंगलात कुणालाच पाय टाकता येणार नव्हता. तिनं चपला घट्ट केल्या. काठी पुढं धरावी, तर काठी तारेला लागायची. तिनं काठी ठेवून दिली.

मग ती चालायला लागली. तारेपासून अंतर ठेवून, पण तार नजरेआड होणार नाही इतकंच. एक खुंटी दिसायची, मग गवतात काही नाही, मग पुढची खुंटी. जिथं तार दिसत नव्हती तिथं तिचा पाय हवेतच राहायचा. एका जागी खुंटी कलली होती आणि तार वाटेवर आडवी आली होती. जमिनीवर की जमिनीच्या वर, हे तिला कळेना. तिनं साडी गुडघ्याच्या वर खोचली आणि झुडपातून लांबचा वळसा घेतला. काट्यांनी पिंडऱ्या ओरबाडल्या, त्याचं तिला काही वाटलं नाही. मागं गाणं चालूच होतं. त्या आवाजाला धरूनच ती चालली होती.

झाडं संपली. समोर उन्हाळी धानाची बांधी हिरवीगार उभी होती. एका कोपऱ्यातलं धान रानडुकरांनी असं लोळवलं होतं की जणू कुणी तिथं खाटा टाकल्या होत्या. तार बांधाला धरून गेली होती, मोटरीच्या खोपडीमागं वर चढली होती आणि बांबूच्या आकड्यानं खांबावरच्या वायरीला लटकली होती.

ती बांधी तिनं दर वर्षी लावली होती. दर वर्षी कापली होती. ती तिच्या धाकट्या दिराची, डोमाची होती.

"डोमा!" ती ओरडली. इथं ओरडायला हरकत नव्हती. "बाबू! ऊठ! डोमा!"

खोपडीतून डोमा डोळे चोळत बाहेर आला. तिला बघून आधी त्याला काही उमगलं नाही. मग मोटरीचा आवाज त्याच्या कानात शिरला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला.

"लाइन... लाइन नव्हती, वैनी..."

"काढ ते! बाया आत आहेत. माय आत आहे. साधना आत आहे. काढ!"

त्यानं वाळका बांबू उचलला. घाईत आकडा एकदा हुकला, दोनदा हुकला. मग तो सुटला आणि तार बांधावर मेल्या सापासारखी पडली. डोमा तिथंच मटकन खाली बसला.

"कोणाले लागली?"

"अस्वल मेलं."

"माणूस?"

"नाही."

त्यानं कपाळ जमिनीला लावलं. शकुनबाईही बांधावर बसली. जंगलातलं गाणं शेवटाला आलं होतं.

"वैनी," डोमा म्हणाला, "डुकरं धान ठेवून राहिले नाहीत. ढोल वाजवला, टेंभे लावले, काहीच ऐकत नाहीत. स्वातीचे दिवस भरत आले, तिले एकटं टाकून इथं जागत बसतो मी. रात्री तार लावतो, पहाटे काढून घेतो. बाया यायच्या आधी. आज लाइनच नव्हती म्हणून डोळा लागला." त्यानं तिच्या पायांना हात लावला. "कोणाले सांगजो नको. मले जेलात टाकतील. मी तार गुंडाळून घेतो. कोणाले समजणार नाही."

ती उठली आणि जंगलाकडं वळली. मागं डोमा भराभर तार गोळा करत होता.

अस्वलाभोवती बाया जमल्या होत्या. खुंट्या सापडल्या होत्या, गवताची जळालेली रेघ सापडली होती. ललिताबाई तोंडावर पदर घेऊन उभी होती. तिचा खांदा फाडणारं हेच होतं की दुसरं, कोण सांगणार? तरी ती रडत होती. साधनानं धावत येऊन आईला मिठी मारली. ती ज्या पानांत बसली होती तिथून खुंटीपर्यंत हात पुरला असता.

"तार कोणं काढली?" कुणीतरी विचारलं.

"मी गेलो तवा निघालेली होती," शकुनबाई म्हणाली.

केशरबाईनं सुनेच्या ओरबाडलेल्या पिंडऱ्यांकडं बघितलं. मग तोंडाकडं बघितलं.

सूर्य डोक्यावर यायच्या आत गावात एकच नाव फिरायला लागलं: भैय्यालाल. डोमाच्या बांधीला लागून त्याचं शेत होतं. माणूस नाकाडोंगरीचा, धानाचा व्यापारी, गावाबाहेरचा. त्याच्या शेतालाही डुकरांचा त्रास होता आणि त्यानं कधीतरी चहाच्या टपरीवर म्हटलंही होतं की एकदा तार टाकली की सगळे सरळ होतील. तेवढं पुरे झालं. पोरांनी काठ्या काढल्या. भैय्यालाल रोजच्यासारखा मोटर बंद करायला शेतावर आला होता. त्याला त्यांनी धरून साजाच्या झाडाखाली आणलं. त्याचा सदरा खांद्यावर फाटला होता. तो घामानं भिजला होता आणि एकच वाक्य बोलत होता.

"मैंने नहीं डाला रे बाबा. माह्या पोराची शपथ. मी नाही टाकली."

ग्रामसभेचा अध्यक्ष केवळराम मडावी मधे उभा होता. "जय सेवा" म्हणून त्यानं सभेला सुरुवात केली खरी, पण कुणाचं लक्ष त्याच्याकडं नव्हतं. "हात लावायचा नाही," तो पुन्हा पुन्हा सांगत होता. "आधी विचारायचं."

"विचारायचं काय?" एक पोरगा ओरडला. "आमच्या मायबहिणी मेल्या असत्या!"

शकुनबाई बायांमध्ये बसली होती. समोर गड्यांच्या मागं डोमा उभा होता, झाडाच्या खोडाला टेकून. त्याची नजर तिच्यावरच होती. त्याच्या शेजारी त्याची बायको स्वाती, पोटावर हात ठेवून.

बोललं तर घर मोडणार होतं. स्वातीचं बाळंतपण, म्हातारी सासू, गावात मान खाली. बाहेर बातमी गेली तर लोक म्हणणार, गोंडांना जंगल दिलं आणि त्यांनीच त्यात तारा टाकल्या. हक्कावर बोट ठेवायला टपलेले थोडे नव्हते. न बोललं तर तो फाटक्या सदऱ्याचा माणूस. आणि पुन्हा पावसाळी धान येईल, पुन्हा डुकरं येतील, पुन्हा कुणीतरी अंधारात खुंट्या ठोकील, कारण एकदा टाकलेली तार पचून गेलेली असेल. तिला ती तडतड पुन्हा ऐकू आली. तिनं कानावर हात ठेवला.

एका पोरानं भैय्यालालच्या छातीवर काठी टेकवली आणि ढकललं.

शकुनबाई उठली. एवढ्या माणसांत ती कधी बोलली नव्हती. आधाराला तिनं ललिताबाईचा खांदा धरला, आणि तो दुखरा खांदा आहे हे तिच्या ध्यानातही आलं नाही.

"त्याले सोडा," ती म्हणाली. कुणी ऐकलं नाही. "सोडा त्याले! तार आमच्या घरची आहे."

केवळराम तिच्याकडं वळला. "काय म्हणून राहिली, शकुनबाई?"

"तार आमच्या घरची. मी तिच्यासोबत चालत गेलो. आकडा कोठं लटकला होता ते मी पायलं." नाव तिच्या तोंडून निघेना. "आमच्या घरची आहे," ती पुन्हा म्हणाली.

स्वातीनं नवऱ्याकडं बघितलं. डोमा खोडापासून सुटला, पुढं आला आणि भैय्यालालच्या शेजारी उभा राहिला.

"माही आहे," तो म्हणाला. "मारायचं तर मले मारा."

कुणी मारलं नाही. भैय्यालाल खाली बसला आणि फाटक्या सदऱ्यानं तोंड पुसायला लागला. एका बाईनं त्याला पाण्याचा गडू दिला. काठी टेकवणारा पोरगा गर्दीत मागं सरला.

मग केशरबाई उठली. तिला उठायला वेळ लागला, तेवढा वेळ सगळे थांबले.

"माहा पोरगा आहे," ती म्हणाली. "त्याले मी लपवला असता. खरं सांगतो, लपवला असता. पण मी तिथं बसून गात होतो, आन माह्या नातीच्या बाजूला ती तार होती. आता मले काही विचारू नका." आणि ती काठी टेकत घराकडं चालू लागली.

वनखात्याला कळवायचं की नाही, यावर बरंच बोलणं झालं. काहींचं म्हणणं होतं, अस्वल पुरून टाकावं, डोमाला गावानं काय शिक्षा द्यायची ती द्यावी. केवळरामनं सगळ्यांचं ऐकून घेतलं. "लपवलं तर आपण राखणदार कशाचे?" तो म्हणाला. "कोणी बाहेरून येऊन दाखवील, त्यापेक्षा आपण दाखवू." शेवटी सभेनं तेच ठरवलं. फोन त्यानंच केला.

दुपारून जीप आली. अस्वलाची तपासणी झाली, पंचांसमोर त्याला जाळलं. त्याचा धूर मोहाच्या वासात मिसळला आणि गावभर पसरला. गावातल्या कुणी त्या दिवशी चूल पेटवली नाही. डोमाला घेऊन जाताना स्वाती जीपच्या मागं काही अंतर चालत गेली, तिचं अवघडलेलं चालणं बघवत नव्हतं. शकुनबाई तिला धरायला गेली, तर तिनं हात झटकला.

"तुमचं बोलणं झालं ना वैनी? आता राहू द्या."

शकुनबाई मागं राहिली. घरी नवरा खाणीवरून आला होता, त्याला रस्त्यातच सारं कळलं होतं. तो अंगणात बसून होता. तिला वाटलं, आता हा हात उगारेल किंवा घालवून देईल. तो म्हणाला, "माहा भाऊ आहे तो," आणि तिच्याकडं पाठ करून आत गेला. ते त्याचं पाठ फिरवणंच तिला जास्त भिववत होतं.

ग्रामसभा पुन्हा बसली. डोमा परत येईल तेव्हा येईल, कोर्टाचं जे व्हायचं ते होईल, पण त्याची बांधी कुणी राखायची? आणि फक्त त्याचीच का, जंगलाला लागलेल्या साऱ्या बांध्या? ललिताबाईनंच विषय काढला. जंगलाची गस्त पाळीनं होते तशी शेतांचीही होऊ द्या, म्हणाली, मग कोणाले रोज एकट्याले जागावं लागणार नाही, आणि कोणाले तार सुचणार नाही. भैय्यालाललाही बोलावलं होतं. तो आला, दूर बसला, आणि त्यानंही पाळीत आपलं नाव घ्यायला सांगितलं. त्याची कुणी माफी मागितली नाही. त्या काठीवाल्या पोरानं मात्र त्याच्या आणि डोमाच्या मधल्या बांधावर मचाण बांधून दिलं.

डोमाच्या बांधीवरची पहिली पाळी शकुनबाईनं मागून घेतली.

दिवस कलला तशी ती शेतावर गेली. वाटेत प्रत्येक गवताच्या पात्याकडं बघत पाय टाकत होती. आता तार नाही हे तिला ठाऊक होतं, पण पायांना कोण सांगणार. मचाणावर चढली, पत्र्याचा डबा आणि काठी मांडीवर घेतली. जंगलाच्या कडेची झाडं काळवंडत चालली होती. त्यांच्याकडं बघू नये असं वाटत होतं, आणि बघितल्याशिवाय राहवत नव्हतं.

खाली शिडी करकरली. तिनं काठी उचलली.

स्वाती होती. एका हातानं पोट सावरत ती सावकाश वर चढत होती. शकुनबाईनं पुढं होऊन तिचा दंड धरला. या वेळी तिनं हात झटकला नाही. वर येऊन ती कोपऱ्यात बसली, धापा टाकत, तोंड दुसरीकडं करून.

"तू काहून आली व? या दिवसांत?"

"घरी भेव लागते," स्वाती म्हणाली. एवढंच.

उजेड विझत आला. मग झाडांच्या कडेला पानं वाजली. एक गुरगुर, मग दुसरी. धानाचे शेंडे हलायला लागले. खालून काहीतरी जड, बरंच काहीतरी, दोन्ही बाजूंनी बांधीत शिरत होतं. शकुनबाईच्या हातातून काठी गळून पडली. अंधारात ती तिला सापडेना.

स्वातीनं ती चाचपडून उचलली आणि तिच्या हातात दिली. स्वतः डबा तिच्यापुढं धरला.

"वाजवा वैनी," ती म्हणाली. "मी ओरडतो."

आणि दोघी जणी, भीतीनं घसा फाटेपर्यंत, ओरडायला लागल्या.